भट्टीवरच्या मुलीची हजेरी

हजेरीच्या बाबतीत मी खडूस आहे आणि तोंडाळही आहे, हे आधीच सांगून टाकते. उशिरा आलेल्या पोराला मी काही बोलत नाही, आला ना, बस झालं. पण जो आलाच नाही त्याच्या घरी मी मधल्या सुट्टीत स्कूटर घेऊन जाते. बाप ओट्यावर बसलेला असतो. मी विचारते, "पोरगं कुठंय?" तो म्हणतो, "बकऱ्या घेऊन गेला." त्यानंतर मी जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." ते स्वतः रोज वीस मिनिटं उशिरा यायचे, म्हणून मी म्हणायचे, "गेले असते, तर पहिलं तुम्हाला आत टाकलं असतं." ते हसायचे. शाळेत आम्ही दोघंच शिक्षक, एकमेकांना सांभाळून घ्यायची सवय होती.

हा खडूसपणा आईचा. आम्ही पालघरकडच्या माकुणसार गावचे. आई लोकांच्या वाडीत कामाला जायची, नारळ सोलायची, सुपाऱ्या वेचायची. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण माझी शाळा बुडलेली तिला खपत नसे. अंग तापलं म्हटलं तर विचारायची, "ताप डोक्यात हाय का पायात? पायात नाय ना, मंग चाल." चौथीत मला गालगुंड झालं. दोन्ही गाल सुजलेले, घास गिळता येत नव्हता. आईने हनुवटीखालून फडकं बांधलं आणि पाठवलं. गुरुजींनी मला दारातच अडवलं. "अगं, सगळ्या वर्गाला देशील, घरी जा." मी तिथेच रडायला लागले. गाल दुखत होते ते वेगळंच. त्या वर्षी माझी तोवर एकही गैरहजेरी नव्हती आणि आता ती लागणार होती. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, हजेरीची वही उघडली आणि माझ्या नावापुढे खूण केली. "जा, लावली हजर. बरी होईस्तोवर तोंड दाखवू नकोस."

आठ दिवस मी घरी झोपून होते आणि आठ दिवस वहीत हजर होते. वर्षाच्या शेवटी सगळ्या शाळेसमोर मला पूर्ण हजेरीची कंपासपेटी मिळाली. आईने ती देवाच्या फळीवर ठेवली होती. यात काही खोटं आहे असं आम्हा दोघींच्या मनातही आलं नाही. गुरुजी चांगले होते, एवढंच वाटलं. पुढे मी बाई झाले तेव्हा तो चांगुलपणा माझ्याबरोबर आला.

माझी शाळा पालघरच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाच्या एका पाड्यावर. पालघरच्या खोलीवरून निघायचं, मनोरच्या रस्त्याला लागायचं आणि मग आत वळायचं. दोन वर्ग, एक पडवी, बाहेर हातपंप. लोकांची शेती पावसावरची, तुकड्यातुकड्यांची. भात झोडून झालं, दिवाळी झाली, की पाड्यावरची पाच घरं कामाला बाहेर जायची, बहुतेक वीटभट्ट्यांवर. ती परत यायची पाऊस तोंडावर आला की. मी नवीन होते तेव्हा त्या घरांतली पोरं आईबापांच्या मागे जायची आणि जून महिन्यात सगळं विसरून परत यायची. क कुठला आणि फ कुठला, तिथपासून पुन्हा सुरुवात. तीन-चार वर्षं मी त्या घरांचे उंबरे झिजवले, भांडले, म्हाताऱ्यांच्या पाया पडले. शेवटी अशी रीत बसली की आईबाप जातील, पोरं आजीआजोबांकडे राहतील. केंद्रप्रमुख साहेब याचं कौतुक करायचे आणि मलाही त्याचा तोरा होता. खोटं कशाला बोलू.

त्या पाच घरांपैकी एका घरातली ही मुलगी. चौथीतली. बारीक अंगाची, पिंगट केसांची, कमरेवर कायम धाकटा भाऊ. भावाला आणायचं नाही असं म्हटलं असतं तर ती आलीच नसती, म्हणून मी मागच्या भिंतीशी त्याच्यासाठी गोणपाट अंथरून ठेवलं होतं. तो झोपायचा नाहीतर खडू चघळायचा. ती वाचायची. तिला वाचायचं वेडच लागलं होतं. मिठाची पिशवी, टेम्पोच्या मागचं, माझ्या स्कूटरवरचा विम्याचा कागद, दिसेल ते मोठ्याने. एकदा मला विचारते, "बाय, थर्ड पार्टी म्हंजे कोण?" मी म्हटलं, "म्हणजे जिचा काही संबंध नसतो पण मार तिलाच बसतो ती." तिला ते पटलं.

गुरुजींची आठवण म्हणून पूर्ण हजेरीला मीही दरवर्षी कंपासपेटी द्यायचे. जूनमध्येच आणून लोखंडी कपाटावर दिसेल अशी ठेवायची. तिसरीत ती पेटी तिला मिळाली होती. तिने त्यातलं कर्कटक आणि कोनमापक तसंच ठेवलं आणि वर माझे उरलेले खडूचे तुकडे भरले. चौथी सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी कपाटाकडे बोट करून म्हणाली, "औंदा पन मीच घेनार." मी म्हटलं, "बघू की."

भादव्यात तिची आजी गेली. आईबाप भट्टीवर जायचे तेव्हा पोरं याच आजीकडे राहायची. मला त्या दिवशीच पुढचं दिसलं. दिवाळीआधी मी बापाला गाठलं.

"पोरीला ठेव इथे," मी म्हटलं.

"कोनाकडं ठेवू बाय? म्हातारी गेली."

"शेजारी ठेव. तुझ्या भावाकडे ठेव."

"भाव बी भट्टीवर येतो माज्यासंग. शेजारी आपली पोरं नाय सांभाळत, माजी कशी सांभाळतील? आन ती नाय आली तर बारक्याला कोन बघल? दोघं बी विटा पाडतो आमी." आमच्या पाड्यावर अहो-जाहो नाही. कलेक्टर आला तरी तूच. पण त्या दिवशी तो मान खाली घालून बोलत होता, आणि त्याचं म्हणणं खरंच होतं. तरी मी त्याला नाही नाही ते बोलून घेतलं. पोरीचं वाटोळं करतोस, म्हटलं. तो ऐकून घेऊन निघून गेला.

अशा वेळी काय करायचं याची रीत ठरलेली आहे. मुलगी जिथे जाणार तिथल्या शाळेसाठी हमी कार्ड भरायचं. ती अमुक इयत्तेत शिकते, तिला बसवून घ्या, असं त्यात असतं. तिकडच्या शाळेने तिला बसवून घेतलं की हजेरी तिकडे लागते आणि आपल्या वहीत ती स्थलांतरित म्हणून दाखवायची. मी कार्ड भरलं. भट्टी बोईसरच्या बाजूला होती, जवळच शाळा होती, मी चौकशी केली होती. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, पहिल्याच दिवशी तिकडच्या शाळेत द्यायचं.

तिने कार्ड उलटसुलट वाचलं. मग कपाटाकडे पाहिलं.

"बाय, मंग हितं माजी गैरहजेरी लागल?"

तिचे डोळे भरले होते. मला माझे सुजलेले गाल आठवले. मी म्हटलं, "नाही लागणार. इथली हजेरी मी बघते, तू काळजी करू नकोस. तू तिथल्या शाळेत रोज जा म्हणजे झालं."

"रोज लावशील?"

"रोज लावीन."

मी हे तिच्यासाठी केलं असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. त्या वर्षी आमचा पट एकवीस होता आणि वीस किंवा त्याच्या आतल्या शाळांची यादी वरून मागवली होती. ती स्थलांतरित दाखवली असती तर आम्ही त्या यादीत गेलो असतो. शाळा बंद होणार, अशी कुजबुज होतीच. तर पोरीचा हट्टही राहत होता आणि शाळाही राहत होती. एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखं वाटलं मला, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दिवाळीची सुट्टी संपली. हजेरी घेताना मी तिचं नाव मोठ्याने घेत नसे, नाहीतर पोरं ओरडली असती, "ती भट्टीवर गेली." मधल्या सुट्टीत वही उघडायची आणि तिच्या रकान्यात खूण करायची. पहिल्या दिवशी हात थांबला. दुसऱ्या दिवशी थांबला नाही. महिनाअखेरीला मुख्याध्यापकांनी वही पाहिली, तिच्या नावावर बोट ठेवलं, चष्मा काढून पुसला आणि सही केली. शाळाबाह्य मुलांची यादी मागितली तेव्हा आम्ही शून्य लिहून पाठवलं. खिचडीच्या वहीतही तिचं एक ताट रोज लागत होतं.

आता कुणी विचारेल, बाई, तुम्ही एकदा तरी जाऊन बघितलंत का? पालघरहून बोईसर काय लांब आहे, स्कूटरवर अर्धा तास. नाही गेले. एका रविवारी पाहुणे आले. एका रविवारी मतदारयादीचं काम लागलं. एका रविवारी काहीच नव्हतं, मी दुपारभर झोपले. बापाच्या मोबाईलवर दोनदा फोन केला, तो बंद होता. एरवी एक पोर दिसलं नाही तर मी भर उन्हात पाड्यावर जाणारी बाई. पण ती गैरहजर आहे असं मला वाटतच नव्हतं. रोज तिच्यापुढे मीच खूण करत होते ना.

माघातल्या एका बुधवारी शाळेत कुणीच आलं नाही. मी पडवीत उभी राहिले, मग चालत पाड्यावर गेले. तिच्या घरापुढे माणसं बसली होती. आदल्या संध्याकाळी भट्टीच्या टेम्पोतून तिला ताडपत्रीत गुंडाळून आणलं होतं आणि पहाटेच माती देऊन झालं होतं. मला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

काय झालं ते बापाने सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला ती हंडा घेऊन भट्टीच्या खड्ड्यावर गेली. माती भिजवायला पाणी लागतं म्हणून तिथे खोल खड्डा खणलेला असतो, काठ सगळे चिकणमातीचे. भाऊ बरोबर होता. तो काठावर बसून रडत होता म्हणून आई बघायला गेली, तेव्हा नुसता हंडा तरंगत होता.

मंगळवारी साडेदहा. आमची शाळा दहाला भरते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्यापुढे खूण केली होती.

भट्टीवाल्यांनी टेम्पोत बसताना बापाला सांगितलं होतं, गावातच बुडाली म्हण, नाहीतर तुझ्यामागे नसती भानगड लागेल, पोर कामाला लावली म्हणून तुलाच धरतील. त्यामुळे पहिले दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी पाड्यातली माणसं त्याला घेऊन पोलिसात गेली. पोर भट्टीच्या खड्ड्यात गेली, तिथे ना कठडा होता ना झाकण, हे त्याला लिहून हवं होतं. बाकी त्याने काहीही मागितलं नाही. "माजी पोर कुठं मेली तेवडं खरं लिव," एवढंच तो म्हणत होता.

आणि मग शाळेत हवालदार आला. त्याने हजेरीची वही मागितली.

भट्टीवाल्यांचं म्हणणं सोपं होतं. आमच्या भट्टीवर पोरं राहतच नाहीत. मुलगी गावात होती, शाळा सुटल्यावर गावच्या ओहोळात बुडाली, बापाला कुणीतरी शिकवून उभं केलंय. विश्वास नसेल तर शाळेत विचारा. भट्टीवरची बाकीची माणसं मुकादमाच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती, हंगाम अजून अर्धा होता. म्हणजे बाप एकीकडे आणि माझी वही दुसरीकडे. दिवाळीपासून त्या मंगळवारपर्यंत एक दिवस चुकलेला नाही, प्रत्येक महिन्याखाली दोन सह्या.

मुख्याध्यापकांनी हवालदाराला सांगितलं, वही कपाटात आहे, किल्ली नेमकी आज घरी राहिली, उद्या देतो. तो गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. "बाई, वही आहे तशी द्यायची आणि मूग गिळून बसायचं. पोर काही परत येणार नाही. मला निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय." मी म्हटलं, "आणि बाप?" ते म्हणाले, "त्याचं तसंही कोण ऐकणार आहे?" मी त्यांना तिथल्या तिथे चार शब्द सुनावायला हवे होते. एरवी सुनावले असते. या वेळी नाही. कारण तेच माझ्याही मनात होतं, आणि त्यांनी बोलून दाखवलं याचं मला बरंच वाटलं होतं.

आई तेव्हा माझ्याकडेच पालघरला होती. मी जेवले नाही म्हणून तिने विचारलं आणि मी सगळं ओकले. ती भाकरी थापत होती. हात धुतले, माझ्यासमोर येऊन बसली.

"पोर मेली," ती म्हणाली, "आन तुजी वही तिला शालंत बसवते?"

"आई, नोकरी जाईल."

"जाऊं दे. मी सुपाऱ्या वेचून तुला वाढवली. तू बी वेच. जा, सांगून ये."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात गेले. मुख्याध्यापकांना सांगितलंही नाही. तिथे भट्टीचा मुनीम आधीच बसलेला होता. मी साहेबांना सांगितलं की दिवाळीपासूनची तिची हजेरी खोटी आहे, मी लावलेली आहे, मुलगी भट्टीवर होती.

साहेबांनी वही चाळली. "तुम्ही तिला भट्टीवर पाहिलंत?"

"नाही."

"शाळेत पाहिलंत?"

"नाही."

"मग या खुणा कशावर केल्यात?"

मी म्हटलं, तिला तसं सांगितलं होतं म्हणून.

"म्हणजे बाई, या वहीवर पण तुमचीच सही आणि आता जबाबावर पण तुमचीच सही. मी कुठली खरी धरू?"

मुनीम अगदी अदबीने म्हणाला, "मैडम, हमारे यहाँ बच्चा लोग रहता ही नहीं. आप तो पढ़े-लिखे हो, आपने ही लिखा है कि लड़की स्कूल में थी." मला त्याची मान पिरगाळावीशी वाटली. पण तो माझ्याबद्दल जे बोलला त्यात एक शब्द खोटा नव्हता.

माझा जबाब घेतला आणि नुसता बाकीच्या कागदांना जोडून ठेवला. मी बापाच्या बाजूने फितले, गावात नोकरी करायची तर गावाचं ऐकावं लागतं, अशी त्यावर मखलाशी झाली. शाळेतली वीस पोरं सांगायला तयार होती की ती दिवाळीपासून आली नव्हती. त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे कागदावर जे राहिलं ते असं, की मुलगी त्या दिवशी शाळेत हजर होती आणि शाळा सुटल्यावर गावच्या ओहोळात बुडाली. त्या ओहोळात माघात घोटाभर पाणी नसतं. मला निलंबित केलं, चौकशी झाली, सहा महिन्यांनी परत घेतलं आणि समुद्राकडच्या एका शाळेत पाठवलं. मला मिळाली ती शिक्षा कमीच होती. आता मी हजेरी घेते तेव्हा आधी पोराच्या डोक्याला हात लावते आणि मग खूण करते. इथली पोरं हसतात, बाईंना दिसत नाही म्हणतात. हसू देत. त्या मुलीचं नाव कमी झाल्यावर पाड्यावरची शाळा विसावर आली, शाळेचं पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही.

पण निलंबनाचा कागद हातात पडायच्या आधी, जबाब दिल्यानंतरच्या आठवड्यात, मी तिच्या आईकडे गेले होते. बापाला सगळं माहीत होतं, पण तिला मी स्वतः सांगायला हवं असं वाटलं. शिव्या घालेल, घालू दे. मारेल तर मारू दे. मनाची तशी तयारी करूनच गेले.

ती दारात बसली होती. मुलगा मांडीवर झोपला होता. मी जमिनीवर बसले आणि सांगितलं की माझ्या वहीमुळे तुझ्या नवऱ्याचं कुणी ऐकलं नाही. मी रोज तिला हजर लावत होते. चुकलं माझं.

तिने ऐकलं. मग मुलाला खाली ठेवलं, उठली आणि छपराच्या वाशात खोचलेली प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. हमी कार्ड होतं. मी घडी घातली होती तशीच होती. तिकडच्या शाळेचा शिक्का कुठेच नव्हता.

"तिला घातली नाही का शाळेत?" मी विचारलं. माझा आवाज चढला. सवयीने चढला. "जवळ होती ना शाळा?"

"होती. मास्तर यायचा रिक्षा घेऊन. भट्टीवरची पाच पोरं न्यायचा रोज. मीच बोलली, जा, बारक्याला मी बांधून ठेवन झोळीत. पन ती रिक्षा दिसली का विटांच्या थपीमागं लपायची. मास्तराच्या नजरंलाच नाय पडली कंदी."

"का?"

"ती बोलायची, माजी शाला तिकडं चालू हाय. बाय रोज हजेरी लावते. हितं नाव घातलं तर तिकडचं कापतील आन पेटी दुसऱ्याला जाईल."

मी कार्ड हातात धरून बसले. मंगळवारी साडेदहाला ती पाच पोरं त्या शाळेत बसलेली होती. कपाटावरच्या पेटीसाठी ही तेवढी मागे राहिली होती, आणि तिची हजेरी मी लावत होते. दोन गोष्टी मी तिला सांगितल्या होत्या. त्यातली एक तिने मनापासून ऐकली.

तिची आई माझ्याकडे बघत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर मला उठून जाता आलं असतं. ती म्हणाली, "बाय, लावली ना तू रोज?"

"लावली."

"येक बी दिस चुकला नाय?"

"नाही चुकला."

मुलगा जागा झाला होता, त्याला तिने पदराखाली घेतलं.

"मंग पेटी तिची," ती म्हणाली.

पेटी कपाटावर होती. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी ती नेऊन दिली.